टर्बो पेट्रोल, काही महिन्यांच्या वापरानंतर: खटकणाऱ्या सवयी आणि त्यांच्यामागचं कारण

माझ्या गाडीचं इंजिन: एक लिटर, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं), टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारी टर्बाइन इंजिनात जादा हवा कोंबते). पिकअप आणि मायलेज याबद्दल सगळेच लिहितात, ते सोडतो. या गाडीच्या ज्या सवयी नवीन माणसाला बिघाड वाटतात, त्यातल्या बऱ्याचशा धूर स्वच्छ करण्याच्या खटपटीतून आलेल्या आहेत.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की आरपीएम हजाराच्या बराच वर जाऊन बसतो, आवाजही घोगरा येतो. थोड्या वेळाने सगळं शांत. ही धडपड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू निरुपद्रवी करणारा डबा, तापवण्यासाठी असते. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर दिलेली ती जाळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियस गाठल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) स्पार्क मुद्दाम उशिरा देतो: ताकद कमी मिळते, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. टर्बोमुळे इथे एक जास्तीची डोकेदुखी आहे. इंजिन आणि कन्व्हर्टरच्या मध्ये बसलेलं टर्बाइनचं जड धूड ती उष्णता आधी स्वतःच खाऊन टाकतं. त्यामुळे कन्व्हर्टर टर्बोला अगदी खेटून बसवतात, आणि इलेक्ट्रॉनिक वेस्टगेट (टर्बाइनच्या बगलेची झडप) असेल तर तो थंडपणी उघडा ठेवतात, म्हणजे बराचसा गरम वायू टर्बाइनला वळसा घालून पुढे जातो. मला हा भाग फार आवडला.

एकदा तापल्यावर पुढचा ऑक्सिजन सेन्सर एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा (वजनाने) हे प्रमाण सांभाळतो, मागचा सेन्सर कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड्स, तिघांचाही एकदम बंदोबस्त होतो. पण चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, की अनेक टर्बो इंजिनं टर्बाइन आणि कन्व्हर्टर जास्त तापू नयेत म्हणून जादा पेट्रोल सोडतात. तेवढा वेळ कार्बन मोनॉक्साइड वाढतो, मायलेज तर कोसळतंच. सगळ्यात कच्चा दुवा माझ्या मते हाच.

डायरेक्ट इंजेक्शनमुळे बारीक काजळी जास्त होते, तिच्यासाठी पार्टिक्युलेट फिल्टर. त्याची भोकं आलटून-पालटून बुजवलेली असतात, त्यामुळे वायूला सच्छिद्र भिंतीतून जावं लागतं आणि काजळी तिथेच अडकते. ती जाळायला भरपूर उष्णता आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, पण पेट्रोलच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जवळपास नसतो. तो मिळतो वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर: इंजेक्टर बंद, नुसती हवा पुढे. म्हणून मी उतारावर न्यूट्रल करत नाही, गिअरमध्येच सोडतो. रोज दोन-चार किलोमीटरच चालवणाऱ्यांनी अधूनमधून लांब चक्कर मारावी. फिल्टर किती भरलाय हे दाखवायची सोय माझ्या गाडीत नाही, थेट दिवाच लागणार. याचा मात्र राग येतो.

राहिली बॉनेटखालची टिकटिक. चारकोल कॅनिस्टरमध्ये (कोळशाच्या डब्यात) साठलेली टाकीतल्या पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह तो. एरवी इनटेकची (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेची) ओढ पुरते. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, तिथे उलटा दाब असतो, म्हणून वाफ टर्बोच्या अलीकडे नेणारी वेगळी वाट ठेवतात. पेट्रोल भरताना नोझल कट झाल्यावर मी एक थेंबही जास्त घालू देत नाही. पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरलं तर कोळसा भिजतो आणि इंजिन सुरू होताना अडखळतं.