कपल थेरपी, आठ महिन्यांनंतर: 33 रुपये मिनिट आणि ड्रॉवरमधलं ऑक्सिमीटर

कपल थेरपी म्हणजे काय, कोणी घ्यावी, ऑनलाइन बरी की समोरासमोर, हे सगळीकडे वाचायला मिळतं, त्यामुळे ते इथे नाही. लिहायला निमित्त झालं ते फीच्या मेसेजचं. 24 तासांच्या आत रद्द केलेल्या सेशनची पूर्ण फी कापली गेली. अट पहिल्या दिवशी सही केलेल्या फॉर्मवरच होती, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. पावसात लोकल बंद पडली तर तेच सेशन व्हिडिओवर मिळेल का, एवढं सही करण्याआधी विचारून घ्या.

आता हिशोब. पुण्या-मुंबईत तासाला दीड हजारापासून तीन-चार हजारांपर्यंत घेतात. दोन हजार धरा, म्हणजे मिनिटाला 33 रुपये. मेडिक्लेममधून हे बहुधा मिळत नाही. जोडीदाराने ‘मागच्या दिवाळीत तुझ्या भावाने...’ इथून सुरू करून पंधरा मिनिटं घेतली, की पाचशे रुपये गेले. म्हणून रिक्षात बसल्या बसल्याच एक प्रसंग ठरवा, तोही याच आठवड्यातला. दिवाळी आपोआप येतेच.

पहिली चार सेशन निव्वळ लूट वाटतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या पद्धतीने काम करणारे आधी दोघांना एकत्र भेटतात, मग एकेकट्याला, मग पुन्हा एकत्र. शिकवलेलं काहीच नसतं आणि आठ हजार खर्च झालेले असतात. हे मत नंतर बदलावं लागलं. एकट्याच्या भेटीत मारहाण, धमक्या, पैशांवरचा ताबा याबद्दल विचारलं जातं, आणि शेजारी बसलेल्या माणसादेखत त्याचं खरं उत्तर कोणी देणार नाही. घरात भीती असेल तर एकत्र थेरपी करूच नये. सेशनमध्ये बोललेल्याचा हिशोब घरी चुकता होतो. अशा वेळी महिलांसाठी 181 हा नंबर आहे. थेरपिस्ट ही भेट गाळून थेट ‘चला, बोला’ म्हणत असतील तर वाचलेल्या पैशांचा आनंद मानू नका. एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवली जाईल की नाही, हेही त्याच दिवशी स्पष्ट करून घ्या. प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.

बाकी सगळ्यावर दोन-दोन ओळी लिहिता येतील, पण खरे पैसे वसूल होतात ते एकाच गोष्टीत: भांडण तापलं की घ्यायच्या वीस मिनिटांच्या ब्रेकमध्ये.

गॉटमन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट लेव्हन्सन यांनी जोडप्यांना यंत्रं लावून भांडताना मोजलं. नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की माणूस ऐकत नाही, ऐकू शकत नाही. शरीर पळायच्या किंवा मारायच्या तयारीत असतं. त्यांच्या प्रयोगशाळेत एकदा जोडप्यांना भांडण मध्येच थांबवायला सांगितलं, यंत्रात बिघाड झालाय असा बहाणा केला आणि अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत बोलायला बसले तेव्हा नाडी उतरलेली होती आणि बोलण्याची धारही. तापलेलं शरीर शांत व्हायला वेळ लागतो, त्याला समजूतदारपणा पुरत नाही. पाच मिनिटांचा ब्रेक म्हणूनच फुकट जातो: बाहेरून शांत, आतून तसंच.

कोविडात घेतलेलं ऑक्सिमीटर बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. ब्रेक कधी मागायचा ते कळायला ते काढा. ऑक्सिजनचा आकडा सोडा, पल्सचा बघा. बोट गरम हवं, हात स्थिर हवा, आकडा पंधरा सेकंद ठरू द्या, जिना चढून आल्या आल्या लावू नका. आधी दोन-तीन शांत संध्याकाळी स्वतःची नेहमीची नाडी लिहून ठेवा. रोज धावणाऱ्याची 60 असेल तर त्याला 85 सुद्धा खूप झाली. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल चालू असेल तर हा खेळ बादच: ती गोळी नाडी फारशी वर जाऊ देत नाही, मग आकडा 78 आणि तोंडातून निखारे. अशांनी जबडा, कान, तळहात यांकडे लक्ष द्यावं.

आणि एक नियम पक्का: मशीन स्वतःच्या बोटाला. ‘बघ, तुझे 112 झाले!’ म्हणत दुसऱ्याच्या बोटाला लावलं की ते उपकरण राहिलं नाही, हत्यार झालं.

ब्रेक मागायचा कसा, यात निम्मे लोक आपटतात. ‘मला आत्ता बोलायचं नाही’ म्हणून उठून जाणं हा ब्रेक नव्हे, ते दार आपटणंच आहे. ब्रेकच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: मी तापलोय, मी जातोय, मी अमुक वाजता परत येतोय. ‘माझं डोकं तापलंय, गच्चीवर जातो, साडेनऊला स्वयंपाकघरात बोलू.’ परतीची वेळ नसेल तर मागे राहिलेल्या माणसाची नाडी वाढतच जाते. ज्याने ब्रेक मागितला त्यानेच विषय पुन्हा काढायचा. काही झालं तरी 24 तासांच्या आत. भांडणात भिंत होऊन बसणाऱ्यांमध्ये गॉटमन यांना 85 टक्के पुरुष आढळले, त्यामुळे ‘ब्रेक हवाय’ हे वाक्य सोयीचं कोणाला पडतं ते सांगायला नको. साडेनऊची अट त्यांच्यासाठीच आहे.

दुसरी चूक त्या वीस मिनिटांत होते. ‘तिने असं म्हटलं, मग मी असं म्हणायला हवं होतं’ ही उजळणी चालू राहिली तर नाडी उतरत नाही. माहेरी किंवा मित्राला फोन केला तर मुळीच नाही, कारण तिथे तक्रारीला ‘हो ना!’ची फोडणी मिळते. वन बीएचकेत, हॉलमध्ये सासूबाई मालिका बघत असताना जायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. जिना, गच्ची, सोसायटीच्या गेटपर्यंत चार फेऱ्या, धुतलेले कपडे घडी घालणं. बाइक काढू नका. भांडी घासायला हरकत नाही, आपटायला आहे. तो ब्रेक नसून तेच भांडण दुसऱ्या भाषेत चालू असतं.

परत आल्यावर सुरुवात कशी होते यावर पुढचं बरंचसं ठरतं; पहिली तीन मिनिटं. ‘तू नेहमी’ऐवजी ‘मला’पासून बोला, असं प्रत्येक थेरपिस्ट शिकवतो. इथे मराठीची अडचण आहे. आपलं ‘वाटतं’ भावनेलाही चालतं आणि मतालाही. मग शिकलेला माणूस अभिमानाने म्हणतो, ‘मला वाटतं की तू बेजबाबदार आहेस.’ खूण सोपी आहे: ‘वाटतं’नंतर ‘की’ आला, म्हणजे मागून आरोप येतोय. ‘मला’ आणि ‘वाटते’ यांच्या मध्ये भीती, लाज, काळजी बसते का ते बघा. ‘घराचा हप्ता चुकला की मला भीती वाटते. पाच तारखेला एकदा खातं बघून सांगशील?’ हा इथला सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ सुटा भाग.

पोपटपंचीला, म्हणजे समोरच्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत परत म्हणण्याला, सुरुवातीला एकच तारा दिला होता. 33 रुपये मिनिट देऊन आपलंच वाक्य परत ऐकायचं? शिवाय 1998 मध्ये गॉटमन यांच्याच गटाने 130 नवविवाहित जोडप्यांवरच्या अभ्यासात म्हटलं की सुखी जोडपीही असं बोलत नाहीत. बरोबरच आहे, रोज असं कोण बोलेल? पण ब्रेकनंतर, त्याच तापलेल्या विषयावर, दहा मिनिटांपुरतं ते चालतं. हातात टीव्हीचा रिमोट असेल त्यानेच बोलायचं, एका वेळी दोन-तीन वाक्यं. दुसऱ्याने ती परत म्हणायची, ‘बरोबर ऐकलं का? अजून काही?’ विचारायचं, मग रिमोट घ्यायचा. बिघाड होतो तो ‘म्हणजे’पाशी. ‘म्हणजे माझी आई वाईट, असंच ना?’ हा निष्कर्ष झाला. ‘म्हणजे’ वर्ज्य केलं की निम्मं काम होतं. तारे आता तीन.

काय सुटत नाही तेही सांगतो. गॉटमन यांच्या हिशोबात जोडप्यांचे 69 टक्के वाद कायमचे असतात: खर्चिक आणि काटकसरी, माणसांत रमणारा आणि एकटा बरा. बारा सेशन, 24,000 रुपये, आणि नवरा अजून विजेच्या बिलावर बोलतो. फरक इतकाच की आता बिलावर बोलतो, बायकोच्या माहेरावर नाही. हे पैसे वाया गेले असं धरायचं का, ते ज्याने त्याने ठरवावं. आमच्या मते नाही, पण 48,000 ला मत वेगळं असतं.

थेरपिस्ट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा. ‘कौन्सेलर’ ही पाटी कोणीही लावतो. सहाव्या सेशननंतर आठवड्याचं अंतर तीन आठवड्यांचं करून मागा. मधला सराव घरी फुकट होतो. ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये परत ठेवताना सेल काढून ठेवा. गळतात.