ओबीएस स्टुडिओ: आरचे मराठी धडे रेकॉर्ड करायला कितपत चालतं?

चांगलं चालतं. पडदा आणि आवाज रेकॉर्ड करणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि आर किंवा जमोवी ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरं शिकवणाऱ्याला रेकॉर्डिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. अडचण एवढीच, की हे मुळात गेम आणि थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी बनलेलं आहे. सोलापुरातल्या बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या मुलांना मोबाइलवर आरचा धडा नीट दिसावा, यासाठी चार-पाच ठिकाणी हात घालावाच लागतो.

पहिली गोष्ट सोर्सची, म्हणजे पडद्यावरचं नेमकं काय रेकॉर्ड करायचं त्याची. 'विंडो कॅप्चर' निवडून आरस्टुडिओची (आरचा कोड जिथे लिहितो आणि चालवतो त्या प्रोग्रॅमची) खिडकी पकडली की सगळं ठीक वाटतं. पण वरचा मेनू उघडला किंवा फाइल निवडायची चौकट आली, की ती रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही, कारण विंडोजच्या लेखी ती वेगळी खिडकी असते. आवाज म्हणतो "इथे क्लिक करा" आणि पडद्यावर काहीच हलत नाही. त्यामुळे 'डिस्प्ले कॅप्चर'च घ्या आणि नोटिफिकेशन बंद ठेवा. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर कधी कधी नुसता काळा दिसतो. मग विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओबीएसला 'पॉवर सेव्हिंग'वर टाकायचं.

दुसरी गोष्ट अक्षरांची. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ असताना आउटपुट १९२० बाय १०८० ठेवलं तर अक्षरं ताणली जाऊन पुसट होतात. पडद्याचं आहे तेच माप बेस आणि आउटपुट दोन्हीकडे द्या. सेकंदाला ३० फ्रेम पुरतात, इथे धावणारं काही नसतं. आरस्टुडिओत टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, अपिअरन्समधून अक्षर १८ किंवा २० करा. चारही चौकटी एकदम दाखवायचा मोह टाळा: कंट्रोल-शिफ्ट-१ दाबलं की फक्त कोड मोठा होतो, कंट्रोल-शिफ्ट-२ ला कन्सोल.

आवाजात ओबीएस खरोखर उजवं आहे. माइकच्या फिल्टरमध्ये 'नॉइज सप्रेशन' घालून आरएनएन-नॉइज निवडला की पंख्याची घरघर बरीच खाली बसते, आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून बोला असं सांगणं क्रूरपणा आहे. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर मात्र या फिल्टरच्या भरवशावर राहू नका. मागाचा खटखटाट तो पूर्ण काढत नाही, आणि काढायला गेला तर बोलण्याची शेवटची अक्षरं खातो. तिथे साधा कॉलर माइक तोंडाजवळ लावणं जास्त कामाचं. बोलताना मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये राहिला पाहिजे.

वीज जाण्याचं गणितही आधीच मांडा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना मशीन बंद पडलं तर फाइल अर्धवट राहते आणि उघडतच नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल प्रकारात तोवरचं सगळं शाबूत असतं. काम झालं की फाइल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'मधून एमपी४ करून घ्यायचं, त्यात दर्जा घसरत नाही. पॉझचं बटण सापडत नसेल तर रेकॉर्डिंग क्वालिटी 'सेम ॲज स्ट्रीम'वर आहे, ती बदला.

आता ओबीएस जे करत नाही त्याबद्दल. क्लिकच्या जागी झूम नाही, कापाकापी नाही. कापायला केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, दोन्ही फुकट. आणि धड्याची आखणी तर कुठलंच सॉफ्टवेअर करून देत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची दोन रकान्यांची पद्धत इथे उत्तम: डावीकडे पडद्यावर काय घडतं, उजवीकडे काय बोलायचं. सावकाश बोलण्याला मिनिटाला १०० शब्द धरले तर सहा मिनिटांचा धडा ६०० शब्दांचा. एका धड्यात एकच चाचणी.

नमुन्याला टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी घेऊ. आरमध्येच असलेला 'स्लीप' हा डेटा वापरा, म्हणजे फाइल शोधण्यात वेळ जात नाही: २० नोंदी, झोपेची दोन औषधं. टी डॉट टेस्ट या फंक्शनला फॉर्म्युला दिला की टी येतो उणे १.८६०८, स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) १७.७७६ आणि पी ०.०७९३९. मुलांनी वहीत सोडवलेल्या उत्तरात स्वातंत्र्यमात्रा १८ असते, आणि ती इथेच अडकतात. आपण काही सांगितलं नाही तर आर वेल्च पद्धत धरतो, जी दोन गटांचं प्रसरण (व्हेरिअन्स) समान धरत नाही; वहीत ते समान धरलेलं असतं. 'व्हेअर डॉट इक्वल' ट्रू केलं की १८ मिळतात आणि पी ०.०७९१९. जमोवीत उलट आहे: स्टुडंटची, म्हणजे वहीतल्या पद्धतीची चौकट आधीच टिक असते, वेल्चची आपण टिक करायची. हे वाक्य पटकथेत नसेल तर धडा अपुरा आहे.

मुळात ही औषधं त्याच १० जणांना दिलेली, म्हणजे जोडीची चाचणी हवी. तिथे पी ०.००२८३३ येतो, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या खाली जातो, आणि निष्कर्षच बदलतो. जुन्या व्हिडिओंमध्ये फॉर्म्युल्यासोबतच 'पेअर्ड' ट्रू लिहिलेलं दिसतं. आर ४.४.० पासून ते चालत नाही, एरर येते. दोन्ही गटांची मूल्यं वेगवेगळी द्यावी लागतात. यादृच्छिक निवड दर वेळी तीच यावी म्हणून देतात त्या सेट डॉट सीडचंही तसंच: आर ३.६.० मध्ये सँपल फंक्शनची पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधीच्या धड्यातले आकडे आजच्या आरमध्ये जुळत नाहीत. म्हणून आवृत्तीचा क्रमांक पहिल्याच फ्रेममध्ये दाखवा.

रेकॉर्डिंगआधी ग्लोबल ऑप्शन्समध्ये 'रिस्टोअर डॉट आरडेटा'ची टिक काढा, सेव्ह वर्कस्पेस 'नेव्हर' करा आणि आरस्टुडिओ बंद करून उघडा. एन्व्हायर्न्मेंटची चौकट रिकामी दिसली पाहिजे. कालचे ऑब्जेक्ट तिथे पडून असतील तर चुकलेला कोडही तुमच्याकडे बिनबोभाट चालतो आणि मुलांकडे 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' येतं.

भाषेबद्दल: इथल्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं पुष्कळ. मेनूतले शब्द पडद्यावर आहेत तसेच म्हणा, समजावणं साध्या मराठीत. पडद्यावर 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' असताना नुसतं 'स्वातंत्र्यमात्रा' म्हटलं तर डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे जातात. पहिल्यांदा दोन्ही म्हणा, पुढे पडद्यावरचाच शब्द ठेवा. आणि तयार झालेला धडा प्रसिद्ध करण्याआधी एकदा मोबाइलवर, उन्हात उभं राहून बघा. कोडमधला स्वल्पविराम आणि पूर्णविराम वेगळा ओळखू येत नसेल, तर अक्षर अजून वाढवून पुन्हा रेकॉर्ड करा.