सागुम आणि पेनुला: रोमन काळातील दोन लोकरी प्रावरणे

प्राचीन रोममध्ये थंडीपावसासाठी घोंगडीसारख्या जाड लोकरीची दोन प्रावरणे वापरात होती, पण त्यांची घडण मुळातच भिन्न होती. सागुम म्हणजे एक चौकोनी कापड. ते उजव्या खांद्यावर धातूच्या आकड्याने अडकवले की शस्त्राचा हात मोकळा राहत असे. सैनिकाशी त्याचे नाते इतके घट्ट होते की लॅटिनमध्ये ‘सागुम चढवणे’ म्हणजे युद्धास सज्ज होणे, असाच अर्थ रूढ झाला. पेनुला मात्र पुढून शिवलेली, डोक्यातून घालायची आणि बहुधा टोपी जोडलेली असे. प्रवासात ती अधिक ऊब देई, पण हात आतच अडकत. इ.स.पू. ५२ मध्ये रोमन राजकारणी मिलोची त्याचा प्रतिस्पर्धी क्लोडियस याच्या माणसांशी चकमक झाली, तेव्हा रोमन वक्ता सिसेरोच्या कथनानुसार मिलोने आधी पेनुला फेकली आणि मगच गाडीतून उडी घेतली. दोन्ही वस्त्रांतील फरक याहून स्पष्ट करणारा प्रसंग मला तरी ठाऊक नाही. तरीही दीर्घायुषी ठरली ती पेनुलाच. वसई-गोव्याच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी धर्मगुरू घालतात तो बिनबाह्यांचा झगा तिच्यातूनच घडत आला आहे.