‘थ्री-स्टेज पेंट करेक्शन’च्या नावाखाली तेलाचा हात : सोलापुरात गाडी रबिंगला देण्याआधी हे तपासा

जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाची काळी सेडान. वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्याने धुऊन टॉवेलने पुसलेली, त्यामुळे उन्हात बोनेटवर गोल रेघांचं जाळं दिसायचं. एका डिटेलिंगवाल्याने ‘थ्री-स्टेज करेक्शन, वर नाइन-एच सिरॅमिक’ (म्हणजे तीन टप्प्यांत रेघा काढून वर संरक्षक कोटिंग) सांगून साडेबावीस हजार रुपये घेतले. गाडी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत दिली. ट्यूबलाइटखाली ती अक्षरशः नवी दिसत होती. पुढे चार-पाच वेळा धुतल्यावर सगळं जाळं परत वर आलं. त्यात भर म्हणजे उन्हात तिरक्या, सरकणाऱ्या पट्ट्या दिसू लागल्या, ज्या आधी नव्हत्या. मागच्या दाराच्या कडेला रंगही फिका पडला होता.

गाडी तपासल्यावर कळलं की जाळं गेलंच नव्हतं. ते नुसतं झाकलं होतं.

रेघ दिसते ती तिच्या कडांवरून उजेड वाकडा परततो म्हणून. ती घालवायची तर रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून खाली आणावा लागतो. याला करेक्शन म्हणतात. दुसरा रस्ता झटपट आहे : रेघेत तेल, मेण किंवा सिलिकॉन भरायचं. बाजारातल्या बऱ्याच रबिंग-पॉलिशमध्ये हे भरण असतंच. भरण वाईट नाही. विकायला काढलेल्या गाडीला कोणी उघडपणे ग्लेझ (रेघा भरणारं पॉलिश) मारत असेल तर तक्रार नाही. पण तेल लावून करेक्शनचे पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे. चीड येते ती यासाठी की अशा कामात लॅकरही झिजतो, आणि झिजलेला लॅकर परत येत नाही.

तो असतो तरी किती? कंपनीच्या रंगाची एकूण जाडी बहुतेक गाड्यांवर ९० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक लॅकर ३५ ते ५० मायक्रॉन. जाड कटिंग आणि मग पॉलिश मिळून साधारण २ ते ४ मायक्रॉन जातात. लॅकरमध्ये ऊन अडवणारा घटक असतो. एकूण ८-१० मायक्रॉनपेक्षा जास्त काढलं की काही वर्षांत तो पांढरा पडून सोलायला लागण्याची भीती असते. सोलापूरचं ऊन लक्षात घेता इथे तर एकेक मायक्रॉन जपावा. म्हणजे गाडीच्या आयुष्यात खरं कटिंग दोनदा, फार तर तीनदा. ‘दर सहा महिन्यांनी रबिंग करा’ असं सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

त्या तिरक्या पट्ट्यांना होलोग्राम म्हणतात. रोटरी मशीनवर (एकाच अक्षावर गोल फिरणाऱ्या) लोकरीचा पॅड लावून जाड कंपाउंड (लॅकर कापणारी पेस्ट) फिरवलं की त्या पडतातच. पुढच्या टप्प्यात फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन त्या काढायच्या असतात. भरण धुऊन गेल्यावर होलोग्राम दिसले, याचा अर्थ कटिंग एकदाच झालं आणि बाकीचे दोन टप्पे फक्त बिलावर झाले. वेळेवरूनही अंदाज येतो. सेडान धुणं, आयर्न रिमूव्हरने लोखंडाचे कण काढणं, क्ले बारने चिकटलेली घाण ओढून काढणं आणि टेप लावणं यातच तीन-चार तास जातात. तीन टप्प्यांचं करेक्शन एका माणसाला त्यानंतर सहज १५-२० तास घेतं. कोटिंग लावल्यावर किमान २४ तास पाणी लागू द्यायचं नसतं, ते वेगळंच.

आता कंपाउंडविषयी, कारण घोळ इथेच जास्त होतो. ‘चारशे नंबरचं कंपाउंड मारतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, हा चारशे कसला? मेंझर्ना ४०० हे एका कंपाउंडचं नाव आहे. त्याचा चारशेच्या पॉलिश पेपरशी संबंध नाही. चारशेचा पेपर लॅकरवर कोणी लावत नाही. काही कंपाउंडचे कण घासताना फुटून बारीक होत जातात. त्यांना पूर्ण फेऱ्या मिळाल्या नाहीत तर काम अर्धवट राहतं. मेग्वायर्स एम१०५ सारख्यांचे कण पहिल्यापासून अतिबारीक आणि तेवढेच राहतात. ते पटकन कापतं, पण लवकर सुकतं आणि धूळ सोडतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, एप्रिल-मेमध्ये तर ते पॅडवरच वाळतं, आणि वाळलेलं कंपाउंड घासलं की नव्या रेघा पडतात.

दुसरा प्रकार भेसळीचा. नामांकित कंपनीची बाटली समोर ठेवलेली असते, आत मात्र डब्यातला सुटा माल. बाटलीवर बॅच नंबर, महिना-वर्ष, एमआरपी आणि आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला हवा. दोन बोटांमध्ये थेंब चोळून पाहा. वाळूसारखं खरखरीत लागलं तर तो डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचा जाड माल आहे किंवा पातळ केल्याने कण तळाला बसलेत. नुसत्या रॉकेलसारख्या वासावरून मात्र नकली ठरवू नका, चांगल्या कंपाउंडमध्येही पेट्रोलियम द्रावक असतात.

नियम असा की जे सगळ्यात सौम्य चालेल तेच वापरायचं. बोनेटवर टेप लावून ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा चौकोन करायचा. आधी फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. त्याने रेघा गेल्या नाहीत तर मध्यम, आणि मगच हेवी कट. पाच इंची पॅड आधी कंपाउंडने हलका भिजवून घ्यायचा, मग दर चौकोनाला वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरेत. कमी वेगात पसरवून मग ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरता फिरता हलवणारं, रोटरीपेक्षा सौम्य) चार-पाचच्या वेगावर, हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर इतका सावकाश, उभ्या-आडव्या मिळून चार ते सहा फेऱ्या. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करायचा. पॅडमध्ये कापलेला लॅकर साचला की कापणं थांबतं, घर्षण आणि ताप वाढतो. पूर्ण गाडीला कटिंगचे चार-सहा पॅड लागतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘पॅड किती वापरणार?’ हाच विचारा. एका पॅडवर अख्खी गाडी होणार असेल तर तिथून परत या. पॅडच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा नारिंगी वेगळा असतो.

उन्हात उभ्या गाडीवर मशीन लावू देऊ नका. बोनेटवर तळहात निवांत टेकता येईल इतका पत्रा थंड हवा. दारांच्या कडा, बोनेटच्या धारा आणि फेंडरच्या घड्या इथे लॅकर मुळातच पातळ बसतो, म्हणून मास्किंग टेप लावायची. त्या सेडानच्या दारावर टेप नव्हती, कडेवर रोटरी तिरकी धरली गेली आणि लॅकर संपला. पांढऱ्या पॅडवर गाडीचा रंग उतरायला लागला तर लॅकरवाल्या रंगात ती धोक्याची खूण आहे. तिथेच हात थांबला पाहिजे. जुन्या सिंगल-स्टेज रंगात (ज्यावर वेगळा लॅकर नसतो) पॅडवर रंग येणं स्वाभाविक आहे, तेवढा फरक लक्षात ठेवा.

फसवणूक पकडणारी सगळ्यात स्वस्त तपासणी आयपीएची. केमिकलच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, डिस्टिल्ड वॉटर चार भाग. थंड पॅनलवर फवारा, अर्धा मिनिट थांबा, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, दोनदा. मग मोबाइलचा फ्लॅश हातभर अंतरावरून तिरका धरा. तेल-मेण निघून जे उरतं ते खरं काम. निव्वळ अल्कोहोल वापरू नका, आणि नव्याने रंगवलेल्या पॅनलवर हा प्रयोग नको. ही तपासणी सिरॅमिक लावण्याआधी, तुमच्यासमोर व्हायला हवी. कोटिंग चढल्यावर पुसून काही कळत नाही. शिवाय तेलकट पृष्ठभागावर कोटिंग धरतच नाही. पाण्याचे थेंब गोल उभे राहतात म्हणून कोटिंग चांगलं, असं नाही. साध्या मेणावरही ते उभे राहतात. ‘नाइन-एच’ ही पेन्सिलच्या कडकपणाची मोजणी आहे. त्याने खड्यांची रेघ अडत नाही. नखाला अडकणारी रेघ कंपाउंडने जात नाही, हे प्रामाणिक माणूस आधीच सांगतो.

जाडी मोजायचं गेज दुकानात नसेल तर करेक्शन करू देऊ नका. आधी छत मोजा, तिथे सहसा कोणी हात लावलेला नसतो. मग प्रत्येक पॅनलवर ठरलेल्या तीन जागी, कामाआधी आणि नंतर, आकडे लिहून घ्या. २०० च्या पुढे आकडा म्हणजे बहुधा पुन्हा रंगवलेलं, ५०० च्या पुढे खाली लांबी (पुट्टी) भरलेली. ८० च्या आसपास असेल तर कटिंग विसरा. साधं गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, आणि त्याची स्वतःची चूक दोन-तीन मायक्रॉन असते, त्यामुळे एकाच आकड्यावर भांडू नका. गेज एकूण जाडी सांगतं, लॅकर किती उरला ते नाही.

जाळं पडण्याचं मूळ धुण्या-पुसण्यात आहे, म्हणून हेही सांगणं भाग आहे. सोलापुरी टर्किश टॉवेल अंगाला उत्तम, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण सुताचे ते फास धूळ पकडून लॅकरवर ओढतात. गाडीला जाड मायक्रोफायबर, दोन बादल्या (एक साबणाची, एक कापड खळबळायची), आणि पुसण्याआधी भरपूर पाणी. बोअरचं क्षाराचं पाणी उन्हात अंगावर वाळू देऊ नका.

फसवणूक झालीच असेल तर त्याच दुकानात ‘फुकटात परत बफ करून देतो’ याला हो म्हणू नका. आणखी लॅकर जाईल आणि पुरावाही. टॉर्चखालचे फोटो, गेजचा व्हिडिओ, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा. लेखी मागणी करा, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बिलावर नुसतं ‘डिटेलिंग’ लिहिलेलं असेल तर बाजू लंगडी पडते, म्हणून टप्पे, कंपाउंडचं नाव आणि गेजचे आकडे बिलावर आधीच लिहून घ्या.

गाडीपुरतं म्हणाल तर : आकडे ठीक असतील तर होलोग्राम मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशने निघतात, लॅकर फार जात नाही. कडेचा लॅकर गेला असेल तिथे कुठलंच पॉलिश कामाचं नाही, तेवढं पॅनल रंगवावं लागतं. नव्या लॅकरवर रंगाच्या कंपनीने सांगितलेले दिवस, साधारण महिनाभर, मेण किंवा सिरॅमिक लावू नका.