चेनसॉच्या चेनचा ताण : कुळागरातील नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, मी ५८ सीसी क्षमतेचा, १८ इंची बार (ज्या पट्टीभोवती चेन फिरते ती) असलेला पेट्रोलवर चालणारा चेनसॉ विकत घेतला. गोव्यात, फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला आमचे वडिलोपार्जित कुळागर आहे. खाली पाटाच्या पाण्यावर पोफळी, माड आणि केळी, काठाला फणस, आणि वर डोंगरउतारावर काजू. नऊ महिन्यांत या मशीनने रोठा अळीने पोखरून मेलेले सात काजू, शेंडा जळालेला एक माड, वाऱ्याने आडवे झालेले दोन फणस आणि मोजदाद न ठेवलेल्या फांद्या कापल्या आहेत. उभे झाड तोडण्यासाठी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती काढण्यात जो वेळ गेला तो धरायलाच हवा, पण तो आजचा विषय नाही.

इंजिन दमदार आहे, वजन खांद्याला जाणवते, पेट्रोल बरेच लागते. यापलीकडे इंजिनाविषयी मला विशेष सांगायचे नाही. नऊ महिन्यांत ज्या ज्या दिवशी काम अडले, त्या त्या दिवशी ते चेनमुळे अडले, आणि बहुतेक वेळा चेनच्या ताणामुळे अडले. मशीनबरोबर आलेल्या चार पानी पत्रकात याविषयी एकच ओळ आहे : ‘चेन योग्य तितकी घट्ट करावी.’ योग्य म्हणजे किती, ती कधी पाहावी आणि कशी पाहावी, हे मला स्वतःच्या चुकांतून आणि फोंड्यातल्या एका जाणत्या मेकॅनिककडून शिकावे लागले.

आधी चेन जवळून पाहू. कापणाऱ्या दातांच्या मधोमध, खालच्या बाजूला, शार्कच्या पाठीवरच्या परासारखा आकार असलेल्या कड्या असतात. त्या बारच्या कडेच्या खाचेत बसून धावतात आणि मागे स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दात्यांत अडकून इंजिनाची ओढ घेतात. माझ्या चेनमध्ये अशा ७२ कड्या आहेत. चेन बारवर टिकते ती केवळ या कड्या खाचेत राहतात म्हणून. त्यांना धरून ठेवणारे दुसरे काहीही तिथे नाही. म्हणून ताण तपासताना खरा प्रश्न एवढाच असतो, की चेन ओढली तर या कड्या खाचेत राहतात की बाहेर येतात.

तपासण्याची रीत अशी. इंजिन बंद करून स्विच बंद स्थितीत ठेवावा, हातात जाड हातमोजे घालावेत आणि चेनचा ब्रेक सोडावा. ब्रेक लागलेला असेल तर चेन हलणार नाही आणि ती फार घट्ट झाली आहे असा उगाच समज होईल. मग बारच्या खालच्या बाजूला, साधारण मधोमध, चेन चिमटीत धरून खाली ओढावी. कड्यांची टोके अर्धीअधिक खाचेतच राहिली पाहिजेत, आणि सोडल्याबरोबर चेन टपकन बारला जाऊन चिकटली पाहिजे. ओढल्यावर कड्या पूर्ण दिसू लागल्या, किंवा न ओढताच चेन खाली लोंबत असेल, तर ती सैल आहे. त्यानंतर चेन वरच्या बाजूने टोकाकडे हाताने सरकवून पाहावी. ती पूर्ण फेरा अडखळल्याशिवाय फिरली पाहिजे. पहिली परीक्षा उत्तीर्ण आणि दुसरी नापास, म्हणजे चेन नको इतकी घट्ट आहे. मी सुरुवातीचे दोन महिने पहिलीच परीक्षा घेत होतो. दोन्ही घेतल्याशिवाय उत्तर मिळत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

नोव्हेंबरमध्ये काजूची एक वाळकी फांदी कापताना चेन बारवरून उतरली. मोठा खाडकन आवाज झाला, चेन खालच्या अडकणीवर आदळली आणि इंजिन नुसतेच घोंघावू लागले. कोणाला इजा झाली नाही, परंतु स्प्रॉकेटच्या मारामुळे आठ-नऊ कड्यांच्या बाजूंना धारदार किनार उठली आणि त्यानंतर ती चेन खाचेत बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून सपाट कानशीने एकेक किनार काढली तेव्हा कुठे ती पुन्हा फिरू लागली. मला आश्चर्य वाटले ते याचे, की त्याच सकाळी मी स्वतः ताण बसवला होता आणि दोनदा पाहिलाही होता.

चूक कुठे झाली ते मेकॅनिकने मशीन हातात घेताच दाखवले. स्प्रॉकेटवरच्या कव्हरचे दोन्ही नट सैल केले की बार स्वतःच्या वजनाने टोकाकडे किंचित झुकतो, कारण त्याला धरणाऱ्या खिट्ट्यांभोवती थोडी मोकळीक ठेवलेली असते. त्या झुकलेल्या अवस्थेत ताण बसवून नट आवळले, तर हाताला सगळे बरोबर वाटते. मात्र लाकडावर दाब येताच बारचे टोक वर उचलले जाते आणि तितकीच चेन सैल पडते. म्हणून ताण बसवताना बारचे टोक वर उचलून धरायचे आणि नट पूर्ण आवळेपर्यंत ते सोडायचे नाही. मी आता मशीन एका सपाट ओंडक्यावर ठेवतो आणि बारच्या टोकाखाली लाकडाची ढलपी सरकवतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. चिरा ठेवू नये. दात दगडाला लागले की धार गेलीच.

बाकीची कृती सोपी आहे. मशीनबरोबर येणाऱ्या पान्याच्या १३ मिलिमीटरच्या तोंडाने दोन्ही नट बोटांनी फिरतील इतके सैल करायचे, काढायचे नाहीत. बारच्या शेजारी पुढच्या बाजूला असलेला ताणाचा स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव-पाव फेरा फिरवायचा. पाव फेऱ्याने चेनमध्ये केवढा फरक पडतो हे एकदा पाहिले, की अर्धा फेरा एकदम फिरवण्याचे धाडस होत नाही. खालची चेन बारला टेकली की थांबायचे, टोक वर धरूनच नट आवळायचे आणि मग पुन्हा दोन्ही परीक्षा घ्यायच्या, कारण नट आवळताना ताण थोडा बदलतो. या बनावटीच्या मशीनविषयी एक सूचना : यात ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो. ब्रेक लागलेला असताना कव्हर काढले, तर तो पट्टा आकसलेला राहतो आणि कव्हर परत बसत नाही. काढण्याआधी ब्रेक सोडला आहे ना, हे पाहावे.

आता उष्णतेविषयी, कारण मला सर्वांत जास्त त्रास तिनेच दिला. फेब्रुवारीत काजूची सफाई चालू असताना दहा-पंधरा मिनिटे सलग कापले की चेन खाली लोंबू लागायची. मी ती तिथल्या तिथे, गरम असतानाच, घट्ट करत असे. एका संध्याकाळी तशीच घट्ट केलेली चेन रात्रभर राहिली आणि सकाळी ती हाताने एक दातभरसुद्धा सरकेना. गरम चेन घट्ट केली आणि ती थंड होऊन आखडली, की तिचा सगळा ताण क्रँकशाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो. त्या सकाळी मी तसाच मशीन सुरू केला असता, तर बेअरिंगची काय गत झाली असती याची कल्पना आजही नकोशी वाटते.

हे नीट समजावे म्हणून मी घरी बसून हिशेब केला. माझ्या चेनची पिच (लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या अंतराचे निम्मे) ०.३२५ इंच आणि कड्या ७२; एका कडीमागे दोन पिच धरायच्या, म्हणजे पूर्ण चेनची लांबी ११९ सेंटिमीटरच्या आसपास येते. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. चेन बारपेक्षा ६० अंशांनी जास्त तापली असे धरले, तर ती जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर लांब होते. एवढ्याशा वाढीने काय होणार, असे वाटते. पण चाळीस सेंटिमीटर अंतरावर ताणलेल्या दोरीत तेवढी जादा लांबी घातली, तर ती मधोमध ओढल्यावर सेंटिमीटरभर खाली येते. कडीचा खाचेतला भाग तर त्याहून कमी खोल आहे. म्हणजे मिलिमीटरच्या फरकाने चेन एकदा घट्ट, एकदा सैल आणि एकदा बाहेर, अशी अवस्था होऊ शकते. हे आकडे हाती आल्यावर पाव फेऱ्याचा आग्रह मला पटला.

त्यानंतर मी नियम बदलला. कामाच्या मध्ये चेन लोंबली की इंजिन बंद करून सावलीत ठेवतो आणि पाच-दहा मिनिटांनी, हातमोज्यातून उब जाणवेनाशी झाल्यावर, पुन्हा पाहतो. बहुतेक वेळा ती आपोआप जागेवर आलेली असते. कड्या खाचेबाहेर येण्याइतकी सैल असेल आणि काम थांबवणे शक्यच नसेल, तर गरम चेन किंचित आवळतो. मात्र काम संपल्याबरोबर नट सैल करून ताण उतरवतो. मशीन घरी नेण्यापूर्वी ताण उतरवणे हा आता कोयता धुऊन ठेवण्यासारखा सवयीचा भाग झाला आहे.

चेन इतकी का तापते, हा मेकॅनिकने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. “काका, तेल पोचत नाही म्हणून चेन तापते, तापली म्हणून ढिली होते, आणि तुम्ही ती ओढत बसता. रोग एक आणि औषध भलतंच.” त्याने बार उतरवला. बारच्या मागच्या भागात तेल येण्याचे जे बारीक छिद्र असते, ते काजूचा डिंक आणि भुसा मिसळून झालेल्या काळ्या, चामट थराने पूर्ण बुजले होते. तारेने छिद्र आणि खाच साफ केली, तेव्हा निघालेला मळ मूठभर होता. आता टाकी भरून झाल्यावर एकदा मशीन सुरू करून बारचे टोक एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, वीतभर अंतरावर धरतो. तेलाची बारीक रेघ पुठ्ठ्यावर उमटली, तरच कामाला लागतो.

लाकडानुसार हा त्रास बदलतो. फणसाचा चीक भुशाला धरून ठेवतो आणि स्प्रॉकेटच्या कव्हरखाली त्याचा गोळा होतो. माडाचे तर वेगळेच आहे : बाहेरचा थर लोखंडासारखा, आतला मऊ, आणि निघणारा भुसा म्हणजे निव्वळ तंतू. ते तंतू चेनबरोबर ओढले जाऊन स्प्रॉकेटभोवती गुंडाळतात आणि चेन अचानक घट्ट झाल्याचा भास होतो. माड कापताना दोनदा कव्हर उघडून साफ करावे लागले आणि धार इतर कोणत्याही लाकडापेक्षा लवकर गेली. बोथट चेन अधिक घासते, अधिक तापते आणि अधिक सैल पडते. म्हणून माझ्यापुरता मी ठरवले आहे, की एका दिवसात दोनदा ताण द्यावा लागला, तर तिसऱ्यांदा पाना न उचलता ४.८ मिलिमीटरची गोल कानस उचलायची.

मार्चमध्ये मी दुसरी चेन घातली. नवी चेन पहिल्या तासाभरात झपाट्याने सैल होते, कारण रिव्हेट आणि त्यांची भोके एकमेकांत बसत जातात. पोलाद काही ताणले जात नाही. पहिल्या अर्ध्या तासात मी दर पाच मिनिटांनी थांबून पाहिले आणि तीनदा ताण द्यावा लागला. आजच्या चेनचा आकडीसारखा वळलेला दात अमेरिकेतील ओरेगनच्या जोसेफ कॉक्स यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला, आणि त्याची कल्पना त्यांना लाकूड पोखरणाऱ्या एका अळीच्या जबड्यावरून सुचली होती. आमचे काजू ज्या रोठ्याने मारले, तीही लाकूड पोखरणारी अळीच. मेलेले खोड चिरताना तिची नागमोडी बिळे आणि बाजूला पडलेला भुसा पाहिला, की कॉक्स यांच्या नजरेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

मशीनबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. ताणाच्या स्क्रूचे डोके मऊ धातूचे आहे. पाच महिन्यांत त्याची खाच झिजली आणि पेचकस घसरू लागला. शिवाय तो स्क्रू बारला इतका लागून आहे, की पेचकस तिरका धरावा लागतो आणि बोटे दातांपाशी येतात. ज्या मशीनमध्ये हा स्क्रू कव्हरच्या बाजूने फिरवता येतो, ते किमतीला थोडे अधिक असले तरी घ्यावे, असे मी नवीन घेणाऱ्याला सांगेन. आठवड्यातून एखादा दिवस वापर असलेल्या बागायतदाराला मात्र हेही मशीन पुरेसे आहे, आणि मी ते विकणार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील वादळी रात्री आमच्या वाटेवर फणस आडवा पडला आणि पहाटे, धो-धो पावसात, बॅटरीच्या उजेडात तो कापावा लागला. धाकट्या भावाने बॅटरी धरली आणि मी नेहमीप्रमाणे चेन खाली ओढून पाहिली. ती सैल होती, कारण आदल्या कामानंतर ताण मीच उतरवून ठेवला होता. टोकाखाली ढलपी, पाव फेरा, आणखी पाव फेरा, नट, मग पुन्हा दोन्ही परीक्षा. तास-दीड तासाच्या कामात चेनकडे एकदाच पुन्हा पाहावे लागले, कारण पावसाने ती फारशी तापलीच नाही.

सध्या ताणाच्या स्क्रूने सरकणारी खिट्टी तिच्या मार्गाच्या दोन तृतीयांशापर्यंत पुढे सरकली आहे. ती टोकाला पोचली की ही चेन काढून टाकावी लागेल. काल कव्हर उघडून स्प्रॉकेट पाहिले, तर चेन घासून दात्यांवर पडलेल्या खुणांत नख अडकते. अर्धा मिलिमीटर खोल खूण ही बदलण्याची मर्यादा मानतात आणि झिजलेले स्प्रॉकेट नवी चेनही लवकर खराब करते; म्हणून चवथीपूर्वी फोंड्याला जाऊन स्प्रॉकेट आणि चेन दोन्ही एकत्रच बदलून घेणार आहे.