टेंपरेचर सेन्सर दोनदा बदलला, दुखणे कनेक्टरचे होते: वर्षभराचा अनुभव

माझ्या 2011 सालच्या डिझेल गाडीचा पंखा गेल्या एप्रिलमध्ये सकाळी गार इंजिनावरच पूर्ण वेगाने फिरू लागला आणि तापमानाचा काटा तळाशी पडून राहिला. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून संदेश येईनासा झाला की इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) पंखा सतत चालू ठेवतो, त्यामुळे ‘कूलंटचा सेन्सर गेला’ हे परभणीतल्या मिस्त्रींचे निदान मला पटले.

हा सेन्सर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, बॅटरीच्या ट्रेखाली आणि एअर फिल्टरच्या डब्याआड बसवलेला आहे. तिथे हात पोचण्यासाठी ते सगळे उतरवावे लागते. ओरिजिनल सेन्सर 1,150 रुपयांना होता, मी 380 चा घेतला आणि मजुरी मात्र 900 रुपये मोजली.

जुलैत तोच त्रास पुन्हा सुरू झाला. स्वस्तातल्या वस्तूने दगा दिला असे मी ओळखीच्या चार जणांना सांगितले, ओरिजिनल सेन्सर घेतला आणि पुन्हा 900 रुपये दिले. त्या वेळी कमी झालेल्या कूलंटच्या जागी गॅरेजमधल्या मुलाने बोअरचे पाणी ओतायला घेतले होते. आपल्याकडच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात, म्हणून मी त्याला थांबवून डिस्टिल्ड वॉटर आणायला लावले.

ऑक्टोबरमध्ये जिंतूर रस्त्यावरच्या खड्ड्यांत काटा पुन्हा पडला, तेव्हा मात्र मला शंका आली. काढून ठेवलेल्या 380 च्या सेन्सरचे फक्त पितळी टोक माठातल्या पाण्यात बुडवून मल्टिमीटर लावला, तर रोध सुमारे दोन हजार ओहम आला आणि उकळत्या पाण्यात तो दोनशेच्या आसपास उतरला. तापमान वाढले की रोध कमी व्हावा, हेच या सेन्सरचे काम असल्याने तो ठणठणीत होता, हे उघड झाले.

मग एका रविवारी इंजिन पूर्ण गार असताना मी स्वतः बॅटरी आणि ट्रे उतरवला. सेन्सरला वायर जोडणाऱ्या कनेक्टरचे प्लॅस्टिकचे लॉक उष्णतेने ठिसूळ होऊन तुटलेले होते, पिनांवर हिरवट गंज चढला होता, आणि तो कनेक्टर बारीक पट्टीने बांधून ठेवलेला होता. दोनदा ट्रे उतरवणाऱ्या माणसाला हे दिसले असूनही त्याने मला सांगितले नाही, याचा राग अजून गेलेला नाही. वायरच्या तुकड्यासह नवा कनेक्टर 120 रुपयांना मिळाला; त्याचे जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवली. आधीचे 3,330 रुपये वाचले असते.

यंदाच्या मे महिन्यात परभणीहून संभाजीनगरला भर दुपारी एसी लावून गेलो, तरी काटा निम्म्याच्या वर सरकला नाही. गाडीत सध्या ओरिजिनल सेन्सर आहे, पण दोन्ही सेन्सरांच्या कामात मला फरक आढळला नाही. स्वस्त सेन्सर मी डिकीत जपून ठेवला आहे आणि त्या चौघांनाही फोन करून माझे आधीचे मत मागे घेतले आहे.