ॲम्प गप्प झालाय: रिपेअर करायचा का नवा घ्यायचा?

गाडीतल्या ॲम्पमधनं, म्हणजे स्टिरिओचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधनं, आवाज येत नाही, आता रिपेअरला टाकू का नवा घेऊ, असं विचारणारे खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळीकडं भेटतात. माझं म्हणणं असं की पैशाचं नंतर बघा, आधी ॲम्पच गेलाय का वायरिंग गेलंय ते ठरवा. पुष्कळदा ॲम्प ठणठणीत असतो आणि बाहेरची एक वायर सुटलेली असते, मग नवा आणून बसवला तरी तोही गप्पच.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन ॲम्पच्या जीएनडीवर (ग्राउंड) आणि लाल पिन बी प्लसवर (बॅटरीची वायर येते तिथं) लावा, इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला पाहिजेत. काहीच दिसत नसेल तर बॅटरीजवळचा फ्यूज काढून बघा. मग स्टिरिओ चालू करून लाल पिन आरईएमवर (रिमोट) लावा, तिथंही बारा व्होल्ट आलेच पाहिजेत, ही स्टिरिओकडनं येणारी वायर बहुतेक निळी-पांढरी असते आणि ती तुटली तर ॲम्प जागाच होत नाही.

ग्राउंडकडं मात्र नीट वेळ द्या. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळा असा की सीटखालचं कार्पेट वाळायचं नावच घेत नाही, आणि ॲम्प नेमका तिथंच बसवलेला असतो. ग्राउंडचा बोल्ट खोलून बघा, रिंगवर हिरवट पूड चढलेली असेल, खाली पत्र्यावर गंज नाहीतर कंपनीचा पेंट तसाच असेल. सँडपेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासा, वायरीचं टोक कापून नवी रिंग दाबा, घट्ट आवळा आणि वरनं थोडं ग्रीस फासा. ही वायर अर्ध्या मीटरच्या आत असलेली बरी.

पॉवरची लाईट लागते खरं आवाज नाही, असं असेल तर स्टिरिओकडनं सिग्नल आणणारी आरसीए केबल काढून मोबाईल थेट ॲम्पला जोडा, ॲम्पवरचा गेनचा नॉब आणि व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून. आवाज आला तर ॲम्प चांगला आहे, दोष स्टिरिओत नाहीतर आरसीए केबलीत. नाही आला तर स्पीकरच्या वायरी बघा. प्रोटेक्टची (बिघाड दाखवणारी) लाल लाईट लागत असेल तर ॲम्प बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी आणि आरसीए सोडवा, मग परत चालू करा. लाईट गेली तर कुठंतरी स्पीकर नाहीतर वायर शॉर्ट आहे, दाराच्या बिजागरीजवळ वायर घासून पत्र्याला लागणं तर नेहमीचंच. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो, एकाच्या खाली दाखवला तर तो बाद.

सगळं सोडवून पण प्रोटेक्ट जात नाही, किंवा नवा फ्यूज घातला की लगेच उडतो, तर मग आतलंच काहीतरी गेलंय, आणि आता रिपेअर का नवा हा प्रश्न खरा सुरू होतो.

जुना जड क्लास एबी (सर्किटचा जुना प्रकार) ॲम्प असेल तर मी रिपेअरच्या बाजूनं. तळाची प्लेट काढली की आत पायवाले मोठे पार्ट दिसतात, पॉवर सप्लायमध्ये बहुतेक आयआरएफझेड ४४ नाहीतर ३२०५ असले मोसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) असतात आणि ते सहज मिळतात. जळालेल्यावर बारीक चीर किंवा खड्डा दिसतो आणि करपट वास येतो. खरं रिपेअर करणाऱ्याला आधीच विचारा, एकच बदलणार का पूर्ण सेट? एकच म्हणाला तर ॲम्प उचलून घरी आणा, कारण शेजारच्या मोसफेटनं पण मार खाल्लेला असतो, सेट आणि त्याचे गेट रेझिस्टर (मोसफेटच्या गेट नावाच्या पायाला जोडलेले) बदलल्याशिवाय ते काम टिकत नाही.

छोट्या क्लास डी ॲम्पचं वेगळं आहे. आत सगळे तांदळाएवढे एसएमडी (थेट बोर्डावर बसवलेले, बिनपायाचे) पार्ट, ते बदलायला हात आणि मशीन दोन्ही लागतं, आणि एखादी आयसी इथं मिळाली नाही की पुण्याच्या बुधवार पेठेतनं नाहीतर बेंगळुरूच्या एसपी रोडवरनं मागवत बसायचं. स्वस्तातला असेल तर नवाच घ्या. पाणी शिरून बोर्डाच्या पट्ट्या हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या असतील तर एबी असो का डी, रिपेअरला पैसे घालू नका, आज चालेल आणि पुढच्या पावसात परत बंद पडेल.

नव्याचे फायदे पण आहेत, क्लास डी करंट कमी खातो, तापतो कमी, वॅगन आरसारख्या छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर लोड कमी पडतो. रिपेअरचा आकडा तसल्याच नव्या ॲम्पच्या निम्म्यावर गेला तर मी नवा घेईन. फक्त डब्यावरचा २००० वॅट बघून भुलू नका, आरएमएस (सतत मिळणारी खरी पॉवर) किती ते विचारा आणि ॲम्पवरचे फ्यूज मोजा. २५ ॲम्पिअरचा एकच फ्यूज असेल तर १४ व्होल्टनं गुणून साडेतीनशे वॅट आत जातात, त्यातले क्लास डीमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास बाहेर येतात, मग २००० येणार कुठनं? वॉरंटीचं पण तोंडी घेऊ नका, पक्कं बिल घ्या आणि बिघडला तर बेळगावातच जमा करून घेणार का हुबळी-कोल्हापूरला पाठवायला लावणार हे पैसे द्यायच्या आधी विचारा.

आणि नवा जोडताना सबवूफर किती ओहमचा आहे बघा. ब्रिज करून (दोन चॅनल एकत्र जोडून) वापरायचा असेल तर बहुतेक ॲम्पना किमान चार ओहम लागतात, दोन ओहमचा सब लावला तर नव्याची पण लाल लाईट लागते.